जोडणी पोचली, आता तास आणि व्होल्टेज मोजा

माळरान

२८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशातल्या सगळ्या गावांचं विद्युतीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याच्या आदल्या सप्टेंबरात घरोघर जोडणी द्यायची केंद्राची सौभाग्य योजना सुरू झाली होती. तिच्यातून पुढच्या काही वर्षांत पावणेतीन कोटींहून जास्त घरांना जोडण्या मिळाल्या. काम मोठं आहे आणि ते ज्यांनी खांबावर चढून केलं त्यांचे उपकार मानायला हवेत. पण चर्चा तिथेच थांबली, हे मला सलतं. गाव 'विद्युतीकृत' ठरवायची जी व्याख्या होती तिच्यात वस्तीत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि तारा असणं, शाळा-पंचायत-दवाखान्यात वीज असणं आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असणं एवढंच होतं. वीज किती तास येते आणि कितीच्या दाबाने येते, हे त्यात कुठेच नव्हतं.

मी आष्टी तालुक्यात (बीड) मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, थोडी शेती आहे. जळालेली मोटार उघडली की ती का जळाली हे वाइंडिंगच, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळीच सांगतात. स्टार जोडणीच्या मोनोब्लॉकमध्ये (मोटार आणि पंप एकत्र असलेला संच) दोन फेजची वेटोळी काळी ठिक्कर आणि तिसऱ्याची तांबूस, नव्यासारखी असली, तर चालू मोटारीचा एक फेज गेला होता, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक बंद पडली होती. तिन्ही वेटोळी सारखीच करपलेली असली, तर बहुतेक वेळा व्होल्टेज पडलेलं असतं. ४१५ च्या जागी ३००-३२० व्होल्ट मिळाले की तेवढंच पाणी उचलायला मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापत जाते. उन्हाळ्यात, कांद्याला आणि उसाला पाणी एकदमच लागतं तेव्हा, माझ्याकडे या दुसऱ्या प्रकारच्या मोटारी जास्त येतात. प्रत्येक वेळी शेतकऱ्याचे काही हजार जातात, मोटार विहिरीतून काढायची मजुरी वेगळी, आणि पीक सुकतं ते कुठल्याच बिलात दिसत नाही. माझा धंदा यावरच चालतो, तरी हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आता डीपीचं, म्हणजे विहिरींना वीज देणाऱ्या रोहित्राचं गणित सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच बिघडतो. ५ एचपीची मोटार साधारण साडेचार किलोवॅट ओढते. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला येते ते प्रमाण) ०.८ धरला तर साडेपाच केव्हीए झाले, डीपीची ताकद याच मापात मोजतात. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा अकरा मोटारी बसतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त असतात, कागदावर ५ एचपी आणि विहिरीत साडेसात एचपी असंही असतं, आणि वरून तारेवर आकडे टाकून चोरी. त्यात प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप चालू करणारं बटण. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि उठताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. एसटी लागल्यावर सगळे एकाच दारातून घुसावेत तसं होतं. फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो, पुढच्या वेळी तार टिकते आणि डीपी जळते.

यातलं काही आपल्या हातात आहे. मोटारीला कपॅसिटर (फुकट ओढला जाणारा करंट कमी करणारा डबा) बसवला तर पॉवर फॅक्टर ०.९५ पर्यंत जातो आणि त्याच डीपीवर आणखी दोन मोटारींची जागा होते, लाईनच्या शेपटाच्या विहिरीला व्होल्टेजही बरं मिळतं. ५ एचपीचा कपॅसिटर फार महाग नाही. पण तो एकट्याने लावून भागत नाही, सगळ्यांनी लावावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते. ऑटोस्विच काढा म्हटलं तर शेतकरी विचारतो, "रात्री दीडला लाईट येते, मोटार चालू करायला कोण जाईल?" त्याचं बरोबर आहे.

मूळ दुखणं रात्रीच्या पाळीचं आहे. वर्षानुवर्षं शेती फीडरला (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणारी लाईन) एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्रीचे तास, अशी थ्री फेज, म्हणजे पंपाला लागणारी वीज मिळत आली. दिवसा इतर मागणी असते म्हणून शेतीचा भार रात्री ढकलला गेला. आता दिवसा सौर वीज स्वस्त मिळते, तेव्हा हे उलटं करायची संधी पहिल्यांदाच आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधल्या कोळंबीपासून झाली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा, वीज थेट ११ केव्हीवर द्यायची आणि त्या भागातले शेती फीडर दिवसा चालवायचे. दर साधारण तीन रुपये युनिट. महावितरणचा सरासरी पुरवठा खर्च आठ रुपयांच्या वर आहे, त्याच्याशी ताडून बघा. धोंदलगावला (वैजापूर) २०२४ मध्ये तीन मेगावॅटचा प्रकल्प चालू झाला, तिथल्या शेतकऱ्यांची रात्रपाळी संपली.

माझं म्हणणं एवढंच आहे: यापुढे 'किती जोडण्या दिल्या' हा आकडा सांगण्याऐवजी प्रत्येक फीडरच्या शेवटच्या डीपीवर दिवसा किती तास आणि किती व्होल्ट मिळाले ते दर महिन्याला गावात फलकावर लागलं पाहिजे. मीटर उपकेंद्रात फीडरवर आहेच, डीपीवरही बसवता येतो. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? कोणाकडे दिवसाचा पुरवठा सुरू झाला असेल तर तो कसा चालतो, तेही लिहा.

---

सई_गोदाकाठ

दादा, नेमकं लिहिलंत. रात्रीच्या पाळीबद्दल बोलताना सगळे शेतकऱ्याबद्दल बोलतात, मी त्याच्या बायकोबद्दल लिहिते. रात्रीच्या आठवड्यात हे मोटार चालू करायला जातात आणि दारं धरायला मी. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. वाफा भरला की पुढचं दार फोडायचं, मागचं लावायचं. चिखलात पाय कुठे पडतो दिसत नाही. घोणस आमच्या उसात नेहमीची आहे. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्यामुळे काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, आता तो आमच्याकडेही दिसतो. पहाटे घरी येऊन पुन्हा चूल, डबे, गोठा. झोपेचा हिशेब कोणी करत नाही.

गेल्या हंगामापासून आमच्या फीडरला दिवसा लाईट मिळते. पहिल्या महिन्यात मला वाटलं हे टिकणार नाही. टिकलंय. पावसाळी ढगात कमी तास मिळतात, पण तेव्हा पाणीही कमी लागतं. भरणं आता मजुराकडूनही करून घेता येतं, रात्री कोणी येत नव्हतं. मुलगी आठवीत आहे, तिला रात्री घरात एकटं ठेवून जायची पाळी आता येत नाही. माझ्यासाठी या योजनेचा फायदा हा आहे, दर किती रुपये पडला तो नंतर.

---

निवृत्त_सहायक_अभियंता

माळरान, डीपीचं गणित अचूक मांडलंत. थोडी जुनी पार्श्वभूमी देतो, म्हणजे आज जे दिसतंय ते कुठून आलं ते कळेल.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बऱ्याच राज्यांनी शेतीपंपांचं मीटर काढून एचपीवर सरसकट आकार सुरू केला. कारण साधं होतं: रानोमाळ पसरलेल्या विहिरींवर जाऊन रीडिंग घेण्याचा खर्च वसुलीच्या मानाने जड पडत होता. पण मीटर गेला आणि त्याबरोबर हिशेबही गेला. शेतीने किती वीज वापरली हे अंदाजाने लिहिलं जाऊ लागलं. गळती आणि चोरीही त्या अंदाजात घालता येते. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे हा मुद्दा अनेक वर्षं वीज नियामक आयोगापुढे मांडत आले आहेत. मी खात्यात असताना आम्हाला तो टोचायचा, पण त्यात तथ्य होतं.

२००५ पासूनची सात-आठ वर्षं राज्याने भयंकर भारनियमन सोसलं. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास तुटवडा शिगेला गेला. फीडरचे गट पाडले होते, गळती आणि वसुली पाहून ए ते जी. ज्या फीडरवर चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. यात नियमित बिल भरणारा माणूस शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगत होता. लोक उपकेंद्रावर चालून यायचे आणि ऑपरेटर पोरगा एकटा आत असायचा. तेव्हा गुजरातकडे बोट दाखवलं जायचं. २००३ ते २००६ मध्ये त्यांनी ज्योतिग्राम योजनेत गावाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले. गावाला चोवीस तास थ्री फेज, शेतीला ठरलेले आठ तास. आपल्याकडे आधी सिंगल फेजिंग करून पाहिलं: रात्री गावाला एकच फेज द्यायचा, म्हणजे दिवे चालतील, पंप चालणार नाहीत. लोकांनी कंडेन्सर (कपॅसिटर) लावून सिंगल फेजवर पंप चालवले आणि डीपी जळायचं प्रमाण वाढलं. मग गावठाण फीडर वेगळे करायचं काम हाती घेतलं. आज सौर वाहिनी योजना शक्य आहे ती त्या फीडर विलगीकरणामुळे. तो खर्च तेव्हा केला नसता तर आता 'शेती फीडर दिवसा चालवा' म्हणायला फीडरच नसता.

एक विनंती. फ्यूजच्या जागी तार बांधू नका आणि डीपीचा एबी स्विच (खांबावरचा मुख्य खटका) स्वतः ओढू नका. वायरमन येत नाही हे मला मान्य आहे, एकेकाकडे किती गावं असतात तेही मी पाहिलंय. तरीही करू नका. मी पंचनामे केलेत.

---

भोसरी_लेथ

विषयाच्या दुसऱ्या टोकाहून लिहितोय. माझा छोटा वर्कशॉप आहे, चार लेथ आणि एक सीएनसी. माझ्या युनिटचा दर शेजारच्या राज्यातल्या स्पर्धकापेक्षा जास्त पडतो, आणि त्यात क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीची वीज स्वस्त ठेवायला आमच्या दरात घातलेल्या जादा रकमेचा वाटा आहे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख शेतीपंपांना वीज मोफत झाली, ती मार्च २०२९ पर्यंत. वर्षाला चौदा हजार कोटींहून जास्त रक्कम सरकारने महावितरणला द्यायची आहे. शेतकऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, माझे चुलते शेतीच करतात. पण परवडणारी वीज म्हणजे फक्त घेणाऱ्याला परवडणारी का? पुरवणाऱ्यालाही परवडली पाहिजे, नाहीतर तारा बदलायला पैसे कुठून येणार? तुम्ही डीपीवर मीटर बसवा म्हणता. बिलच शून्य असेल तर त्या मीटरकडे कोण बघेल?

---

माळरान

@भोसरी_लेथ, प्रश्न योग्य आहे, टाळत नाही.

मोफत विजेबद्दल माझं मत: आमच्या तालुक्यातल्या कोरडवाहू, दोन एकरवाल्याला त्या बिलमाफीने खरंच श्वास मिळाला. थकबाकीमुळे अख्ख्या डीपीची जोडणी तोडायची, हा जो जाच होता तो थांबला. पण शेतकऱ्याला निवड दिली तर तो फुकट आणि रात्रीच्या विजेपेक्षा दिवसा पूर्ण दाबाने मिळणारी, थोडे पैसे देऊन घेतलेली वीज पसंत करेल. मी हे गिऱ्हाइकांना विचारतो आणि उत्तर जवळपास सारखंच येतं. एक मोटार जळाली की वर्षाच्या बिलाएवढी रक्कम जाते.

सौर फीडरने तुमचाही भार कमी होतो, तो असा. ५ एचपीचा पंप आठ तास चालला की पस्तीसेक युनिट. ते आठ रुपयांना पडतात की तीन रुपयांना, या फरकावर सरकारचं अनुदान आणि तुमच्यावरची क्रॉस सबसिडी ठरते. शेतकऱ्याला फुकट द्यायची असली तरी स्वस्तात तयार झालेली वीज फुकट देणं हे महागडी वीज फुकट देण्यापेक्षा झेपणारं आहे. मात्र तो फायदा वीजदरात उतरतोय का, यावर आयोगाच्या सुनावणीत तुमच्यासारख्यांनी बोललं पाहिजे. जाहीर सुनावणीला हरकती कोणीही पाठवू शकतो, पण शेतकरी आणि लहान कारखानदार दोघंही फारसे फिरकत नाहीत.

मीटर बिलासाठीच असतो असं नाही. डीपीवर मीटर असला तर ती ओव्हरलोड आहे का, कोणता फेज जास्त भरलाय, व्होल्टेज कधी पडलं हे कळतं. बिल शून्य असलं तरी हे कळायला हवंच.

---

सातपुडा_शाळा

आमचा भाग धडगाव तालुक्यातला (नंदुरबार). इथे चर्चा अजून तुमच्या आधीच्या पायरीवर आहे. एकेका गावाचे दहा-बारा पाडे, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले. मुख्य पाड्यावर तार आली की गाव यादीत आलं. लांबच्या पाड्यांना सौभाग्यमधून सौर संच मिळाले: दोनशे ते तीनशे वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, मोबाईलसाठी प्लग. पहिली दोन-तीन वर्षं फार चांगली गेली. माझ्या वर्गातली मुलं रात्री वाचायला लागली, बाळंतपण उजेडात होऊ लागलं. मग बॅटऱ्या दमायला लागल्या. पाच वर्षं देखभाल करायची अट कागदावर होती, पण पाड्यापर्यंत यायला पाच-सहा तास चालावं लागतं तिथे दुरुस्तीवाला येत नाही. आता बऱ्याच घरांत पॅनल दिवसा मोबाईल चार्ज करतं आणि रात्री अंधार.

याच तालुक्यात बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर लोकांनी श्रमदानाने छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला होता, २००३ मध्ये, पंधरा किलोवॅटचा. केरळमधल्या अभियंत्यांनी मदत केली होती. पाटाचं खोदकाम गावाने केलं, देखभाल गावातली पोरं करायची, कारण यंत्र त्यांनीच बसवलं होतं. २००६ च्या पुरात तो बुडाला. त्या पाण्यामागे सरदार सरोवराच्या फुगवट्याचाही हात होता. आजही म्हातारी माणसं त्याबद्दल बोलतात.

म्हणून माझं सांगणं: पाड्यावरच्या दोन मुलामुलींना बॅटरीचं पाणी, कंट्रोलर, जोडण्या एवढं शिकवा, त्यांना महिना काहीतरी द्या आणि सुट्या भागांची पेटी आश्रमशाळेत ठेवा. वस्तू देणं सोपं आहे, माणूस तयार करायला वेळ लागतो.

---

नैरोबीहून

मी नाशिकचा, सध्या केनियात वीज वितरणाच्या कामात आहे. धागा वाचून वाटलं इथलं सांगावं, कारण भारतात जोडण्यांचं जे झालं, बरंचसं तसंच इथेही झालंय.

२०१५ मध्ये सरकारने 'लास्ट माईल' कार्यक्रम सुरू केला. घरजोडणीचा खर्च ३५,००० शिलिंगवरून १५,००० वर आणला, तोही हप्त्याने. रोहित्रापासून ठरावीक अंतरातल्या सगळ्या घरांना जोडायचं. जोडण्यांची संख्या झपाट्याने वाढली. पुढे लक्षात आलं की नवी घरं वीज फारच थोडी वापरतात. प्रीपेड मीटर आहे, टोकन घ्यायचं, महिन्याला काही युनिट. दोन बल्ब, रेडिओ, मोबाईल. तेवढ्या विक्रीत तार आणि खांबाची देखभाल निघत नाही, मग कंपनी दुरुस्तीला उशीर करते, लोकांचा भरवसा उडतो आणि ते आणखी कमी वापरतात. जिथे गिरणी, वेल्डिंग, दूध थंड करायची टाकी असं काही आलं तिथे मात्र वापर वाढला आणि पुरवठाही सुधारला.

तार न पोचलेल्या भागात लोक हप्त्याने सौर संच घेतात, मोबाईलवरून रोज थोडे थोडे शिलिंग भरायचे. हप्ता चुकला की संच बंद पडतो, भरला की चालू होतो. कर्ज फिटलं की संच तुमचा. सातपुडा_शाळा यांनी देखभालीचा जो मुद्दा लिहिला तो इथे वेगळ्या तऱ्हेने सुटतो: संच बंद पडला तर लोक हप्ता भरत नाहीत, म्हणून कंपनीला माणूस पाठवावाच लागतो. पण एकूण किंमत गरिबाला महाग पडते, हे दिसतं.

जगात अजून साठ-पासष्ट कोटींहून जास्त लोक विजेविना आहेत आणि त्यातले बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडे. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने फीडर वेगळे करण्यात आणि शेती दिवसावर आणण्यात जे शिकलं ते उपयोगी आहे. पंप तिकडेही येणारच आहेत.

---

कोरडवाहू_अडीच_एकर

माळरानभाऊ, मी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेतून तीन एचपीचा पंप घेतला. माझा हिस्सा दहा टक्के, बाकी अनुदान. माझ्याकडे विजेची लाईन कधीच नव्हती, कोटेशन भरून वर्षं गेली होती. पंप आला आणि पहिल्यांदा रब्बीत गहू घेतला. सकाळी नऊला पाणी सुरू होतं, चारला मंदावतं. कोणाची वाट बघायची नाही, फ्यूज नाही, डीपी नाही. म्हणून सगळ्यांचा मिळून सौर फीडर बरा की ज्याचा त्याचा स्वतंत्र सौर पंप, असा जो वाद असतो त्यात मी पंपाच्या बाजूचा.

दुसरी बाजूही लिहितो. वादळात दोन पॅनल फुटले. विमा होता, पण बदली यायला फार दिवस लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आणि शेजाऱ्याची बोअर साडेचारशे फुटांची आहे, त्याला हा पंप उपयोगी पडत नाही, पाणी वर येईपर्यंत दुपार होते.

---

माळरान

@कोरडवाहू, तुमच्यासारख्याला पंपच योग्य. जिथे लाईन नाही, विहीर उथळ आहे, डीपी दूर आहे, तिथे स्वतंत्र सौर पंपाला पर्याय नाही. माझी हरकत आहे ती फीडरवर चालू जोडणी असलेल्यांनाही सरसकट सौर पंपाकडे वळवायला. पाच एचपीला जवळपास पाच किलोवॅटचं पॅनल लागतं. आमच्याकडे पंप वर्षातले निम्मे दिवसही चालत नाही, बाकी दिवस ते पॅनल उन्हात नुसतं उभं. तीच पॅनलं उपकेंद्राजवळ असती तर पावसाळ्यात आणि कापणीनंतर ती वीज गिरणीला, शाळेला, शहराला गेली असती. जनतेचा पैसा दोन्हीकडे लागतोच, तो वर्षभर कामाला यावा.

---

भूजल_नोंदी

एक काळजी मांडते. दिवसा, भरवशाची आणि मोफत, असं तिन्ही एकत्र आलं की उपसा वाढणार. रात्रपाळीच्या त्रासाने का होईना, थोडा लगाम होता. तो लगाम क्रूर होता आणि जायलाच हवा, सईताईंचा प्रतिसाद वाचल्यावर याबद्दल शंका राहत नाही. पण मग पाण्यासाठी दुसरी शिस्त लागेल. आठ तास ठरलेले असणं ही एक मर्यादा आहे, ती सौर फीडरमध्ये राहते. स्वतंत्र सौर पंपात ऊन असेल तोवर उपसा चालू. ठिबक असेल तरच मोठा पंप, असं काही गावांनी आपल्या ग्रामसभेत ठरवावं. कडक खडकाच्या बेसॉल्टमध्ये आपलं भूजल फार खोल साठत नाही, मार्चपर्यंत विहीर संपली की दिवसाची वीज असूनही उपसायला काही राहत नाही.

---

गावकीचा_सेवक

मी एका लहान ग्रामपंचायतीचा सरपंच. आमच्याकडे सौर वाहिनीसाठी गायरानाची जागा मागितली. एक मेगावॅटला चार-पाच एकर. प्रकल्प झाला तर पंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख मिळतात, ते कामाचे आहेत. खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, तेही पडीक माळाला चांगलं.

गायरानावर मात्र धनगर मंडळींची मेंढरं चरतात आणि भूमिहीन कुटुंबं कित्येक वर्षं वहिती करतात. कागदावर ती जागा मोकळी आहे. ग्रामसभेत दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, आमच्या विहिरी नाहीत, दिवसा लाईट आली काय न् रात्री आली काय, आमचं गायरान का घेता? मला उत्तर देता आलं नाही. शेवटी आम्ही ठराव केला: चराईची वाट आणि पाणवठा सोडायचा, वहिती करणाऱ्यांची नोंद आधी करायची, आणि पंचायतीच्या रकमेतून पहिलं काम त्या वस्तीच्या पाण्याचं. प्रकल्पवाल्यांनी ते मान्य केलं, थोडा वेळ लागला. इतर सरपंचांना सांगतो, सही करायच्या आधी जागेवर जाऊन कोण काय पिकवतंय ते बघा.

---

सई_गोदाकाठ

सेवकभाऊ, हे ठराव करून घेतलंत ते फार चांगलं केलंत. विहीर असणाऱ्यांच्या सोयीचं ओझं विहीर नसणाऱ्यांवर पडू नये.

आमच्याकडे डीपी जळाली तर किती दिवसांत बदलून मिळाली पाहिजे, याचा काही नियम आहे का? आम्ही वर्गणी काढून ट्रॅक्टरने नेऊन आणतो, तीच पद्धत पडली आहे.

---

निवृत्त_सहायक_अभियंता

ताई, नियम आहे आणि तो सगळ्यांनी वापरायला हवा. आयोगाच्या कृतीमानक विनियमांप्रमाणे (कोणतं काम किती वेळात करायचं ते ठरवणारे नियम) ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं असतं. उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई ठरलेली आहे. वाहतुकीसाठी वर्गणी काढणं शेतकऱ्याचं काम नाही.

तक्रार तोंडी किंवा वायरमनला फोन करून थांबू नका. टोल फ्री क्रमांकावर किंवा कंपनीच्या ॲपवर ग्राहक क्रमांक सांगून नोंदवा आणि तक्रार क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. मुदत तिथपासून मोजली जाते. एका डीपीवरच्या सगळ्यांनी आपापली तक्रार नोंदवावी, एकट्याची नको. भरपाई मिळाली नाही तर आधी कंपनीकडे लेखी अर्ज, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. वकील लागत नाही. अर्जाला उशीर करू नका, दाव्यालाही मुदत आहे.

---

माळरान

साहेब, अर्जाचा साधा मराठी नमुना इथेच टाकाल का? मी तो छापून दुकानात ठेवतो, मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देईन. आणि ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहे त्यांनी आपल्या डीपीवर सकाळी दहाला आणि दुपारी दोनला तिन्ही फेजचं व्होल्टेज बघून इथे लिहावं: तालुका, डीपी किती केव्हीएची, मोटारी किती, आकडे काय आले. मोजमाप वायरमनच्या समोर किंवा स्टार्टरच्या पेटीतच करा, डीपीच्या पेटीत हात घालू नका. माझ्या विहिरीवरचे आजचे आकडे: ६३ केव्हीए, मोटारी चौदा, दुपारी दोनला ३४५, ३३८, ३५२.

---

निवृत्त_सहायक_अभियंता

नमुना आज रात्री टंकून टाकतो. ३३८ वर मोटार चालवू नका, ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) तपासून घ्या. शेपटाच्या चार विहिरी मिळून कपॅसिटर लावा आणि मग पुन्हा मोजा, फरक किती पडतो ते इथे कळू द्या.